पळून आलेल्यांसाठी प्रेक्षणीय स्थळं

दुपारी घर अगदी शांत असताना आतल्या खोलीतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. लांबलचक, मध्येच अडकलेला आणि मग जोर लावून पुढे रेटलेला. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्याउभ्याच लिहीत होते, कारण मी बसले की मुंगीला कळतं. मुंगी म्हणजे माझी मुलगी. आई उभी असली तर कामात आहे आणि बसली असली तर आपली आहे, असा तिचा नियम आहे आणि तो तिला झोपेतही लागू पडतो. तर मी तिथूनच दबक्या आवाजात म्हटलं, "हळू गं, उठेल ती."

"हो वहिनी, झालंच," नणंद तेवढ्याच दबक्या आवाजात म्हणाली आणि उरलेली चेन तिनं अगदी हलक्या हातानं लावली.

पळून जाणाऱ्या मुलीला आवाज न करता पळ असं सांगणारी घरात मी एकटीच निघाले, हे पुढे बऱ्याच जणांनी माझ्या लक्षात आणून दिलं.

मी त्या वेळी काय लिहीत होते हे सांगितलं तर लोकांना रचलेलं वाटतं. छोटेखानी लग्नं लावून देणाऱ्या एका कंपनीला लेख हवा होता. घरच्यांना न सांगता लग्न करायला मोठ्या शहरात आलेल्या जोडप्यांनी इथे काय काय पाहावं. कंपनीचे संपादक मला मॅडम म्हणतात. मला टेबल-खुर्ची आहे अशी त्यांची समजूत आहे आणि ती मी मोडलेली नाही. "मॅडम," ते म्हणाले होते, "नोंदणी कचेरीत दोन खेपा होतातच. मधल्या वेळात ती बिचारी करणार काय? त्यांना फिरवा. फक्त प्रसन्न ठेवा." प्रसन्न ठेवा हे मुद्दाम सांगायचं कारण म्हणजे पहिल्या खर्ड्यात मी मोठ्या दवाखान्याचं मागचं अंगण सुचवलं होतं. तिथे रडणाऱ्या माणसाकडे कोणी वळून बघत नाही, ही पळून आलेल्यांच्या दृष्टीनं केवढी सोय आहे. त्यांनी ते काढून टाकलं. मला अजूनही ते काढणं बरोबर वाटत नाही.

आता मुंगीला घेऊन मी कुठे कुठे फिरणार? म्हणून मी नणंदेला कामाला लावलं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला. सुटली की मी सांगायचे, "येताना तेवढा घड्याळांचा संग्रह बघून ये गं. बाकं आहेत का, दोघांना बसता येतं का." आणि ती इतकी नीट माहिती आणायची की मी ती जशीच्या तशी उतरवून घ्यायचे. "कट्टा दोघांना पुरतो, तिसरं कोणी आलं तर उठावं लागतं." "गच्चीवर वारा फार, पण पाठीशी कोणी उभं राहिलं तर लागत नाही." पाठीशी कोण उभं होतं, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. मी वाक्याच्या लयीवर खूश होते.

मुंगी उठली, दूध प्यायली आणि माझ्या फोनवर नणंदेचा निरोप आला. "आज लग्न करतेय. संध्याकाळपर्यंत फोन बंद. आईला जेवायला लाव, नाहीतर ती तशीच बसून राहील."

नवरा मुलगा कोण, हे विचारायची गरज नव्हती. लिफ्ट दुरुस्त करणारा तो. त्याच्याबद्दल बोलणी वर्षभरापूर्वी एकदाच झाली होती आणि एका वाक्यात संपली होती. "जो माणूस दिवसभर वरखाली करतो," सासूबाई म्हणाल्या होत्या, "त्याच्यात स्थिरपणा कुठून येणार." त्यावर नणंद काही बोलली नाही. आमच्या घरात गप्प बसणं म्हणजे होकार धरतात. ही आमच्या घराची जुनी खोड आहे आणि तिनंच आमचा घात केला.

सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी निरोप वाचून दाखवला. त्यांनी हातातल्या टॉवेलची घडी घातली, उलगडली, परत घातली. तो टॉवेल नणंदेचाच होता.

"मला विचारलं नाही," त्या म्हणाल्या.

मग उठल्या. "चप्पल घाल. खिडकीवर सही व्हायच्या आत तिला घरी आणायची."

दार उघडलं तर बाहेर मास्तर उभे. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर. आमच्या घरातली बातमी त्यांना नेहमी आमच्याबरोबरच कळते, मागाहून कधी नाही. "बाई, शांत राहायचं," ते सासूबाईंना म्हणाले. "अशा प्रसंगी घाई करून चालत नाही. सूनबाई, दोन पेनं घेतलीत का? सरकारी कचेरीत पेन कधी मिळत नाही." आणि त्यांना कोणी या म्हटलं नसताना ते टॅक्सीत पुढे बसले.

माझा नवरा दुसऱ्या शहरात प्रशिक्षणाला गेलेला. त्याला फोन लावला.

"मीटिंगमध्ये आहे. काही करू नका, मी रात्री बोलतो."

"आम्ही निघालोय."

"आईला कशाला नेतेस?"

"आई मला नेताहेत," मी म्हटलं. तेवढ्यात त्याची मीटिंग सुरू झाली.

लग्न नोंदणीच्या कचेरीत काचेला एक भोक होतं, सरासरी माणसाच्या कमरेच्या उंचीवर. बोलायचं तर वाकावं लागतं. सासूबाई कोणापुढे वाकलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. त्या वाकल्या.

"तुम्ही वधू?" आतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं.

"वधूची आई."

"मग माहिती देता येणार नाही. सज्ञान माणसांची खासगी बाब आहे. मघाशी जे आले होते त्यांच्या फोटोमागे निळा पडदा होता, पांढरा लागतो, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. मुलीकडून साक्षीदार एकच, तोही मुलाचाच मित्र, आणखी एक लागतो, हेही नाही. खिडकी बंद व्हायच्या आत दोन्ही घेऊन आले तर आज, नाहीतर पुढच्या महिन्याची तारीख. तेही नाही."

"मग तुम्ही सांगू काय शकता?"

"बाजूला व्हा, रांग आहे."

मास्तरांचं मत पडलं की तिथेच बाकावर ठाण मांडावं. पण बाकांवर जोडपी बसली होती, नव्या कपड्यांतली, आणि त्यांच्या बाजूला त्यांची दोनचार माणसं. सगळी आमच्याकडे बघत होती. वाकलेल्या म्हातारीकडे लोक जसं बघतात तसं.

"इथे मी तमाशा करणार नाही," सासूबाई बाहेर येत म्हणाल्या. "ती परत खिडकीशी यायच्या आधीच गाठायची. बोल. मधल्या वेळात कुठे जायचं लिहिलंयस तू?"

अशा रीतीनं माझ्या लेखाला पहिली वाचक मिळाली. वाचकानं इतकं मनावर घेतलेला लेख माझ्या हातून ना आधी झाला ना नंतर.

पहिलं ठिकाण घड्याळांचा संग्रह. दाराला कुलूप. आत मोजणी चालू होती. काचेतून भिंतभर घड्याळं दिसत होती, प्रत्येकात वेगळी वेळ, आणि त्यांच्यामध्ये शिडीवर बसून एक माणूस डबा खात होता. आकाश भरून आलं होतं पण पडत काही नव्हतं. सासूबाई काचेला नाक लावून उभ्या राहिल्या.

"हे बघायला लोक घर सोडून येणार?"

"एरवी उघडं असतं, आई."

"पळून आलेल्या माणसाला एरवी असतं का काही?"

लेखनावर अनेकांनी टीका केली आहे माझ्या, पण हा मुद्दा मी लगेच लिहून घेतला असता, मास्तरांनी घ्यायला लावलेली दोन्ही पेनं टॅक्सीत राहिली नसती तर. मास्तर तेवढ्यात रखवालदाराला समजावत होते की त्यांच्या काळी मोजणी सुट्टीच्या दिवशी करत. मुंगीला शू लागली. ती कुठे, कशी झाली हे मी लिहिणार नाही. लेखात तशी सोय आहे असं मी म्हटलं होतं एवढंच सांगते.

दुसरं ठिकाण एका उंच इमारतीची गच्ची. लिफ्टच्या दाराला कागद चिकटवलेला होता. लिफ्ट बंद. दुरुस्ती करणारे आज रजेवर.

सासूबाईंनी तो कागद दोनदा वाचला. दाराशी स्टुलावर एक पहारेकरी बसला होता, गुडघ्यावर हात ठेवून. त्यांनी त्याला विचारलं, "रजा कसली?"

"लग्न आहे त्याचं," पहारेकरी म्हणाला. "भला पोरगा. आमच्या म्हाताऱ्या भाडेकरूंना हात धरून वर नेतो. आत्ताच दोघं भेटून गेली. फोटो पांढऱ्या भिंतीवर काढायचा होता, म्हणून आमच्या या भिंतीशी उभी राहिली. पोरगी पण चांगली आहे. घरचेच वाईट म्हणे तिच्या."

"किती वाईट?"

"आई आहे एक. ती ऐकतच नाही."

मी मुंगीच्या बुटाची नाडी सोडली आणि परत बांधायला खाली बसले.

"ऐकते," सासूबाई म्हणाल्या. "हो म्हणत नाही फक्त." आणि मग, "कुठे गेली ती?"

"तळ्यावर. म्हणाली, तिथे माणसं असतात."

टॅक्सीत कोणी बोललं नाही. मास्तरसुद्धा नाही, आणि त्यावरून प्रकरण किती हाताबाहेर गेलं होतं ते कळावं. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, "मी कधी कोणाच्या मुलीला वाईट बोलले नाही." हे कोणाला म्हणाल्या ते कळेना, म्हणून टॅक्सीवाला "हो" म्हणाला.

तळ्याच्या पलीकडच्या काठाची बाकं ही माझ्या लेखातली सगळ्यात चांगली जागा. तिथे जायची पायवाट मात्र पाइप टाकायला उकरून ठेवली होती. पलीकडे जायचं तर नाव. आणि नाव म्हणजे पायानं चालवायची ती हंसाच्या आकाराची, पांढरी, मान वाकडी आणि चोचीचा रंग उडालेला. दोन मोठी माणसं आणि एक मूल. तिसरा मोठा चालत नाही. मास्तरांनी तिकिटाच्या खिडकीवर नियमाची लेखी प्रत मागितली. आम्ही निघालो तेव्हा ते तिचीच वाट बघत उभे होते.

मुंगी हंसाच्या मानेला मिठी मारून बसली. तिचा आजचा दिवस फार छान चालला होता. मी आणि सासूबाई शेजारीशेजारी, केशरी जाकिटं घालून, गुडघे छातीशी येतील इतक्या लहान जागेत पायडल मारायला लागलो. "हंसनौकेत जोडप्याला हवा तसा एकांत मिळतो," असं मी लिहिलं होतं. तो मिळाला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासूबाई आणि मी एवढ्या जवळ, एवढा वेळ, दुसरं काही काम हातात नसताना कधी बसलो नव्हतो.

"तूच पाठवायचीस तिला," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी पण पाठवलंय. भाजीला, औषधाला. परत यायची ती."

फोन वाजला म्हणून बरं वाटलं. संपादक होते.

"मॅडम, लेख संध्याकाळपर्यंत ना? आणि एक विचारायचं होतं, ठिकाणं प्रत्यक्ष पाहिलीत ना?"

"आत्ता पाहतेच आहे," मी धापा टाकत म्हटलं.

"वा. कसं वाटतंय? प्रसन्न?"

तेवढ्यात खालून खट्ट झालं आणि पायडल एकदम हलकी झाली. पाय गरागरा फिरत होते आणि हंस जागच्या जागी. साखळी उतरली होती. मी फोन ठेवला. तळ्याच्या मधोमध वारा होता आणि तो आम्हाला सावकाश गोल फिरवत होता. आधी मास्तर दिसत, मग झाडं, मग पलीकडचा काठ, मग पुन्हा मास्तर, हात हलवून काहीतरी सल्ला देत असलेले.

दुसऱ्या फेरीत पलीकडच्या काठावर नणंद दिसली.

बाकावर तो बसला होता, मांडीवर बॅग, हातात फोटो. ती उभी होती. चष्मा नव्हता. फोटोसाठी काढला असणार. चष्म्याच्या दुकानात काम करते पण चष्मा नसला तर तिला हाताच्या अंतरापलीकडचं धूसर दिसतं.

"माझा स्वेटर घातलाय तिनं," सासूबाई म्हणाल्या. "त्याचंही विचारलं नाही."

कुत्रा घेऊन एक गृहस्थ चालले होते. नणंद त्यांच्यापुढे गेली, काहीतरी म्हणाली. हातानं लिहिल्यासारखं केलं. गृहस्थांनी मान हलवली आणि कुत्र्याला ओढत पुढे गेले. हंस फिरला. मास्तर. झाडं. पुन्हा काठ आला तेव्हा ती पिशव्या घेतलेल्या एका बाईशी बोलत होती. त्या बाईनंही पिशव्या दाखवल्या, जणू पिशव्या असल्या की माणसाला सही करता येत नाही.

"काय मागते आहे ती?"

"साक्षीदार, आई. तिच्याकडचा एक कमी आहे."

"रस्त्यावरच्या माणसांना?"

"ओळखीची माणसं आम्हीच आहोत ना तिची."

सासूबाई एकदम पायडल मारायला लागल्या. जोरात. मी म्हटलं, आई, साखळी उतरलीय, काही उपयोग नाही. त्या मारतच राहिल्या. गुडघा दुखतो म्हणून घरात दोन पायऱ्या चढताना भिंत धरणारी बाई. पायडल रिकामी फिरत होती, हंस हलत नव्हता. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. समोर नणंद तिसऱ्या माणसाकडे चालली होती, तोही थांबला नाही. लिफ्टवाला उठला, तिच्यापाशी गेला आणि तिच्या खांद्यावरून घसरलेला स्वेटर सारखा करून परत मागे उभा राहिला. वारा आमच्याकडून तिकडे जात होता.

"आत्याऽऽ," मुंगी ओरडली.

नणंदेनं मान वळवली. आमच्या दिशेनं बघत राहिली. तिनं हात चेहऱ्याशी नेला. चष्मा लावला की डोळे पुसले, ते इतक्या लांबून मला कळलं नाही, कारण हंस नेमका तेव्हाच फिरत होता. पुन्हा दिसली तेव्हा तिचा हात वर होता. सावकाश हलवत होती. मुंगीनं दोन्ही हातांनी उत्तर दिलं. सासूबाईंचा हात जाकिटाच्या पट्ट्यात अडकला होता. तो त्यांनी सोडवेपर्यंत ती दोघं बॅग उचलून तिकडच्या फाटकाबाहेर पडली होती. त्या फाटकासमोरूनच कचेरीचा रस्ता जातो. लेखात मी तसं लिहिलं आहे.

"बघून गेली," सासूबाई म्हणाल्या.

"चष्मा नव्हता, आई."

"शेवटी लावला होता."

"मला नाही दिसलं तसं."

"मी हवी असते तर बघून थांबली असती. थांबली नाही म्हणजे नको आहे मी." त्यांनी पाय पायडलवरून खाली घेतले. "बोलावल्याशिवाय मी कधी कुणाच्या लग्नाला गेले नाही."

दुसऱ्या होडीतून दोर घेऊन नावाडी आला. हंसाच्या मानेला दोर बांधता बांधता त्यानं सांगितलं की हा हंस नेहमीच असं करतो, लिहून दिलंय वरती, कोणी बघत नाही. मग वल्हं हातात घेऊन म्हणाला, "कुठल्या काठाला सोडू? पलीकडे सोडलं तर परत यायला वाट नाही, सगळं खणून ठेवलंय. लवकर सांगा, मला बंद करायचंय."

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. कचेरीची खिडकी बंद व्हायला फार वेळ उरला नव्हता आणि साक्षीदार अजून एक कमीच होता. नावाडीही बघत होता. तो दोर हाताला गुंडाळत थांबला होता आणि आम्ही अजून थोडेथोडे फिरतच होतो.

मुंगीनं मान वळवली. तिचा गाल हंसाच्या मानेला टेकून पांढरा झाला होता.

"आई," ती म्हणाली, "आत्यानं हात कुणाला केला? आपल्याला, का हंसाला?"